आतून बाहेर, सरळ

पेस्टकाकूंना हे नाव वाचनालयातल्या कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं. चेष्टा करणाऱ्याला वाटलं असेल, बाई चिडतील, रडतील, येणं बंद करतील. काकूंनी दुसऱ्याच दिवशी आपल्या कपाटावर पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘पेस्टकाकू. वेळ दहा ते एक. ओरखडे आणावेत, सबबी आणू नयेत.’

कपाट वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली होतं. दोन दारांचं, लोखंडी, एक दार जरा फुगलेलं. ते उघडायचं तर गुडघ्याने दाबून धरावं लागे. आत चारशे सतरा डिस्क. बोलती पुस्तकं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी गावातल्याच हौशी माणसांनी वरच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, बारा वर्षं खपून वाचलेली आणि रेकॉर्ड केलेली. ज्या यंत्रावर मूळ रेकॉर्डिंग होतं त्याच्यावर छतातली पाण्याची नळी फुटली आणि सगळं गेलं. तेव्हा जे काही उरलं ते या डिस्कांवर. दुसरी प्रत कुठेही नाही.

काकू शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, मुलांनी सांडलेलं आम्ल पुसलं, आणि निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी इथे येऊन बसल्या. पगार नाही. कुणी विचारलं, की मग येता कशाला, तर त्या म्हणायच्या, “घरी माणसं आहेत म्हणून.”

डिस्कला ओरखडे पडायचेच. ज्याला दिसत नाही तो डिस्क हातानेच ओळखणार. टेबलावर ठेवणार, चाचपणार, कधी उलटी घालणार. काकूंनी त्यावर एक उपाय काढला होता. डिस्कच्या मधल्या भोकाभोवती जो कोरा पट्टा असतो, त्याच्यावर वरच्या बाजूने नखपॉलिशचा एक जाडसर टिपका. बोटाला टिपका लागला की समजायचं, ही बाजू वर. तरीही पडलेच ओरखडे, तर टूथपेस्ट.

पांढरी, साधी, खडूसारखी पेस्ट. ती रंगीत, चकचकीत, आरपार दिसणारी जेल त्यांच्या काही कामाची नव्हती. “तिने दातही निघत नाहीत, ओरखडे काय निघणार,” असं त्या सुनेसमोर म्हणायच्या, कारण जेल सून आणायची. पद्धत अशी: आधी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून कोमट पाण्याने डिस्क धुवायची, म्हणजे धुळीचा कण राहत नाही. टिपून कोरडी करायची. मग बोटाच्या टोकावर मावेल एवढी पेस्ट, जुना मऊ बनियन, आणि हलक्या हाताने घासायचं. आतून बाहेर. भोकापासून कडेकडे, सरळ. पुन्हा उचलून आत, पुन्हा सरळ बाहेर. मग धुवायची, टिपायची, साठ वॅटच्या दिव्याखाली तिरकी धरून बघायची. कुणी येऊन सांगायचं की आमच्याकडे केळ्याची साल लावतात. काकू म्हणायच्या, “केळं खा आणि साल टाकून द्या.” कुणी पेट्रोलियम जेली सुचवायचं. “ती मलमपट्टी झाली. एकदा वाजेल, पुसली की पुन्हा तेच.” खोल ओरखडा असला की मात्र त्याही गुपचूप जेली लावायच्या, आणि डिस्कच्या पाकिटावर पेन्सिलीने ‘म’ लिहून ठेवायच्या.

तर या कपाटावर संकट आलं ते नव्या व्यवस्थापकांच्या रूपाने. नवे म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेले. चांगला माणूस, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि हातात सदैव एक यादी. आल्या आल्या त्यांनी वाचनालयातल्या प्रत्येक वस्तूला नवा क्रमांक द्यायचं ठरवलं. काकू तापाने आठवडाभर घरी होत्या, तेवढ्यात शिपायाने डिस्कवरची जुनी लेबलं नखांनी खरवडून काढली आणि नवी चिकटवायला घेतली. काकू आल्या तोवर चौदा डिस्क झाल्या होत्या. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली ब्लाउजमध्ये टाकली, आणि व्यवस्थापकांना दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच पत्रात त्यांनी डिस्क वाचू शकणारा एक संगणक मागितला होता, म्हणजे दुरुस्त झालेल्या डिस्कची प्रत काढून ठेवता येईल. तोही आला नाही.

आता या वर्षी व्यवस्थापकांनी कार्यकारी मंडळापुढे विषय ठेवला: जिन्याखालचं कपाट निकालात काढावं, डिस्क भंगारात द्याव्यात, तिथे पाण्याचं यंत्र बसवावं.

“काकू, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे,” ते म्हणाले. “पण अहो, टूथपेस्ट! लोक हसतात. आणि आता सगळं फोनवर मिळतं.”

“आपल्या वरच्या खोलीत वाचलेलं एक पुस्तक फोनवर काढून दाखवा,” काकू म्हणाल्या. “एक. मी आत्ता किल्ली देते.”

व्यवस्थापकांनी फोन काढला नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील. सभेत डोळे मिटून बसायची त्यांना सवय होती, त्यामुळे झोपले आहेत की ऐकत आहेत हे शेवटपर्यंत कळायचं नाही. त्यांनी डोळे न उघडताच तोड काढली. व्यवस्थापकांनी कपाटातल्या सर्वांत खराब दहा डिस्क निवडाव्यात. काकूंनी आठ दिवसांत त्या दुरुस्त कराव्यात. मंडळासमोर वाजल्या तर कपाट राहील. नाही वाजल्या तर पाण्याचं यंत्र.

“आणि ऐकणार कोण?” कुणीतरी विचारलं.

“ऑपरेटरबाई,” अध्यक्ष म्हणाले.

ऑपरेटरबाई म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, जन्मापासून न दिसणाऱ्या, कपाटाच्या सर्वांत जुन्या वाचक. लाइनवर कुणी तिसरा माणूस श्वास घेत असला तरी त्यांना ऐकू यायचं, असं त्या स्वतःच सांगत. त्या काकूंच्या मैत्रीण होत्या, पण त्यांच्याकडून कुणी सवलतीची अपेक्षा करावी अशा मैत्रीण नव्हत्या.

“अगं पेस्टे,” त्या जिन्याखाली येऊन म्हणाल्या, “त्या दहांमध्ये माझी सातवी आहे ना?”

होती. दीपगृहाच्या रखवालदाराची एक लांबलचक कादंबरी होती, नऊ डिस्कची. सहावी डिस्क संपते तेव्हा रखवालदाराची बायको धक्क्याला बांधलेल्या होडीत जाऊन बसते. पुढे काय, ते सातवीत. आणि सातवी सहा महिन्यांपासून बंद.

“सहा महिने ती बाई होडीत बसलीय,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “तिला उतरव नाहीतर बुडव. पण काहीतरी कर.”

काकूंनी दहा डिस्क पिशवीत घालून घरी नेल्या. एकेक डिस्क दिव्यासमोर धरली. नऊ डिस्कवर ओरखडे होते, काहींवर भयंकर, पण खालच्या बाजूला. दहावी धरली आणि त्या थबकल्या. डिस्कमधून दिव्याचा उजेड आरपार येत होता. लहान लहान भोकं, चांदण्यांसारखी. ही त्या चौदांपैकी एक. पुस्तक डिस्कच्या खालच्या बाजूला असतं असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. ते असतं वरच्या लेबलाच्या अगदी खाली, कांद्याच्या सालीसारख्या पातळ चांदीच्या थरात. खालचा ओरखडा म्हणजे खिडकीच्या काचेवरचा ओरखडा; काच घासता येते. लेबल खरवडलं की खिडकीतून दिसणारी बागच गेली. तिथे पेस्ट काय करणार?

“मग आत्ताच जाऊन सांग ना त्यांना, की ही होणार नाही,” त्यांचे यजमान म्हणाले. ते चष्मेवाले. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले, शांत, टापटीप, आणि दिवसातून वीस वेळा स्वतःचा चष्मा पुसणारे.

“आत्ता सांगितलं तर बाई रडगाणं गाते म्हणतील. नऊच्या नऊ वाजू देत. मग मी दहावीबद्दल तोंड उघडणार, सगळ्यांसमोर. नवातली एक जरी अडकली, तर मला बोलायला तोंड राहणार नाही.”

स्वयंपाकघराचं टेबल त्यांनी ताब्यात घेतलं. सून कामावरून आली की टेबलाच्या एका कोपऱ्यात जेवायची.

“आई, या घरात दात कमी आणि पेस्ट जास्त झालीय.”

“तुझी ती निळी आहे ना न्हाणीघरात? घास.”

“तिने निघत नाहीत म्हणता ना?”

“दात निघत नाहीत म्हटलं. राहतात म्हणजे चांगलंच की.”

पाच दिवसांत आठ डिस्क झाल्या. काही एकदा घासून सुटल्या, एक सात वेळा. सातवी सर्वांत कठीण म्हणून शेवटी ठेवलेली. तिच्यावर कुणीतरी खुर्ची ओढली असावी. तीही पुष्कळशी सुधारली होती. अकराव्या मिनिटाला जरा अडखळायची, बस. एक हात अजून द्यायचा राहिला होता. सहाव्या दिवशी काकूंची वाचनालयातली पाळी होती. त्या दहाला गेल्या, एकला परतल्या.

यजमान दारातच उभे होते. चेहऱ्यावर इतका आनंद, की काकूंना तिथेच शंका यायला हवी होती.

“डोळे मीट,” ते म्हणाले.

“कशाला?”

“मीट तर!”

काकूंनी डोळे मिटले, उघडले. यजमानांच्या बोटांवर सातवी डिस्क. आरशासारखी. एक डाग नाही, एक रेघ नाही. काकूंना तीत स्वतःचं नाक दिसलं.

“तुझा हात दुखतो म्हणालीस ना काल. म्हटलं, काचा पुसण्यातच आयुष्य गेलं, एवढं तर करू.”

काकूंनी डिस्क टेबलावरच्या वाजवायच्या यंत्रात घातली. सुरुवात झाली, अकरावं मिनिट आलं, आणि यंत्र म्हणालं, “आणि तिने होडीचा... आणि तिने होडीचा... आणि तिने होडीचा...”

काकूंनी डिस्क काढली आणि दिव्याखाली तिरकी केली. आत, चकाकीच्या आत, केसाहून बारीक शेकडो वर्तुळं. एकात एक.

“गोल घासलीत.”

“म्हणजे काय, गोलच घासणार. चाळीस वर्षं काचा गोलच पुसल्या. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.”

“गिऱ्हाइकाच्या काचेवर गोष्ट लिहिलेली नव्हती!” काकूंचा आवाज शेजारी ऐकू गेला असणार. “अहो, यात गोष्ट गोल गोल लिहिलेली असते. आतून सुरू होते, फिरत फिरत कडेला जाते. आडवा ओरखडा असला तर यंत्र त्याच्यावरून उडी मारतं. एका क्षणाचा खड्डा, पार. तुम्ही गोल घासलंत म्हणजे गोष्ट जिकडे चाललीय तिकडेच खड्डा खणत गेलात तिच्याबरोबर. उडी कुठून कुठे मारणार?”

यजमानांनी चष्मा काढला, पुसायला कापड उचललं, आणि ते परत खाली ठेवलं. हे पाहून काकूंना आणखीच राग आला, कारण आता ओरडायलाही मजा नव्हती.

दुपारभर त्या एकट्याच घासत बसल्या. वर्तुळं निघेनात. खांदा भरून आला. पाचच्या सुमारास यजमान समोर येऊन बसले. त्यांच्या हातात दुकानातली शेवटची राहिलेली कापडं होती, उत्तम प्रतीची, काचेवर एक तंतू न सोडणारी. ती त्यांनी कधी घरच्या चष्म्यांनाही वापरू दिली नव्हती.

“शिकव,” ते म्हणाले.

काकूंनी एक पुठ्ठा घेतला, मधून कडेपर्यंत पेन्सिलीने सूर्याच्या किरणांसारख्या रेघा ओढल्या, मधोमध डिस्क ठेवली. “ही रेघ दिसते? हिच्यावरूनच जायचं. आतून बाहेर. कडेला पोचलात की हात उचला. मागे ओढायचं नाही.”

“आतून बाहेर.”

“सरळ.”

पहिल्या दहा वेळी त्यांचं मनगट आपोआप वळलं आणि काकूंनी प्रत्येक वेळी बोटावर चापट मारली. मग जमलं. आणि जमलं ते असं जमलं, की काकूंनी चापटीचा हात आवरला. चाळीस वर्षांचं मनगट होतं ते. दाब जराही कमीजास्त नाही. दोघांनी दोन दिवस आळीपाळीने डिस्क घासली. सुनेने टेबलाचा नाद सोडून जिन्यात बसून जेवण केलं. सातव्या दिवशी संध्याकाळी अकरावं मिनिट एकदा नीट गेलं, दुसऱ्यांदा अडलं. काकू पुन्हा घासायला बसल्या. आठव्या दिवशी सकाळी डिस्क धुतली, टिपली, पिशवीत घातली. जेली लावली नाही. आज मलमपट्टी नको, असं त्यांनी ठरवलं होतं. पुन्हा वाजवूनही पाहिली नाही. वेळच नव्हता.

मंडळाची खोली वर होती, तीच जुनी रेकॉर्डिंगची. गोधड्या गेल्या होत्या, खिळे राहिले होते. लांब टेबल, त्यावर यंत्र, एका बाजूला मंडळ, समोर खुर्चीत ऑपरेटरबाई, काठी दोन गुडघ्यांमध्ये. आवाज अडखळला तर त्या बोट वर करणार होत्या. व्यवस्थापक डिस्क लावत होते, कुठून वाजवायचं तेही तेच ठरवत होते. यजमान दाराशी उभे.

पहिली वाजली. दुसरी. पाचवीला ऑपरेटरबाईंचं बोट हललं आणि सगळ्यांनी श्वास रोखला. त्यांनी त्या बोटाने नाक खाजवलं. आठवीपर्यंत एकही अडखळ नाही. व्यवस्थापकांच्या कपाळावर यादीतला कुठला तरी मुद्दा चुकल्यासारखी आठी पडली.

मग शेवटी दीपगृहाच्या कादंबरीची सातवी. त्यांनी ती मधूनच लावायला बटण दाबलं.

“मध्येच नाही,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

“बाई, ही तपासणी आहे.”

“मग तपासा ना. पहिल्यापासून तपासा. मी सहा महिने थांबलेय, तुम्हाला वीस मिनिटं थांबता येत नाही?”

अध्यक्षांनी मिटल्या डोळ्यांनी मान हलवली. डिस्क पहिल्यापासून सुरू झाली. बायको होडीत बसलेली. पाणी लाकडावर आपटतंय. काकू घड्याळाकडे बघत होत्या, आठ मिनिटं, नऊ. दाराशी यजमानांनी डोळे मिटून घेतले होते. दहा. अकरा.

“आणि तिने होडीचा,” यंत्र म्हणालं, आणि काकूंनी टेबलाची कड धरली, “दोर सोडला.”

“गेली!” ऑपरेटरबाईंनी काठी जमिनीवर आपटली. “मला वाटलंच होतं. गेली!”

“आता पुढची...” व्यवस्थापकांनी यंत्राकडे हात नेला.

“हात लावाल तर बघा. ती आत्ताच निघालीय.”

आणि मंडळ ऐकत बसलं. सात माणसं, पाण्याच्या यंत्राचा विषय पुढ्यात घेऊन, ती बाई धुक्यातून पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत ऐकत बसली. बाई लागली तेव्हा अध्यक्षांचे डोळे उघडे होते.

“नऊ,” ते म्हणाले. “दहावी?”

काकू उठल्या. दहावी डिस्क त्यांनी यंत्रात दिली नाही. ती व्यवस्थापकांच्या हातात दिली आणि त्यांना खिडकीशी नेलं, जवळजवळ कोपराला धरूनच.

“वर धरा. उजेडाकडे. काय दिसतं?”

“भोकं... उजेड येतोय.”

“मोजा.”

“काकू, हे काय...”

“मोजता येणार नाहीत. प्रत्येक भोकात दोन-चार पानं होती. ही मी दुरुस्त केलेली नाही आणि कुणी करूही शकत नाही. ही ओरखड्याने गेली नाही. हिचं लेबल खरवडलंय, तुमच्या नव्या क्रमांकासाठी. अशा चौदा आहेत. मी तेव्हाच दोन पानं लिहून दिली होती. वाचलीत?”

व्यवस्थापकांनी डिस्क जपून दोन्ही हातांत धरली. माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना. त्यांचे कान लाल झाले.

“पण अट दहाची होती,” मंडळातलं कुणीतरी पुटपुटलं.

“होती,” काकू म्हणाल्या. “म्हणूनच सांगते. मेलेली डिस्क मी मेलेली म्हणून सांगते, तुमच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने. जेली फासून आजच्या पुरती फसवायचा प्रयत्न केला नाही. मला जिवंत आणि मेलेलं वेगळं करता येतं. तुम्ही चारशे सतरांना एका पोत्यात घालायला निघालात. आता तुम्हीच ठरवा, कपाट कुणाच्या हातात असावं. आणि टूथपेस्टला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी असं काहीतरी दाखवा जे याहून स्वस्तात ही बाई किनाऱ्याला लावेल.”

कुणी हसलं नाही. ऑपरेटरबाई तेवढ्या खुसखुसल्या, पण त्या काकूंच्या बाजूनेच.

ठराव अध्यक्षांनी स्वतः लिहिला. कपाट राहील. संगणक येईल. दुरुस्त झालेल्या प्रत्येक डिस्कची प्रत काढली जाईल, आणि प्रती निघाल्यावर डिस्क...

“डिस्क राहतील,” काकू म्हणाल्या. “प्रत निघाली म्हणून मूळ फेकायचं असतं का? एकदा नळी फुटून शहाणपण आलंय तेवढं पुरे.”

अध्यक्षांनी ‘राहतील’ लिहिलं.

“किती दिवस लागतील?” व्यवस्थापकांनी विचारलं. आवाजात आता यादी नव्हती.

“मी अडुसष्ट वर्षांची आहे. तुम्ही कशाला दिवस मोजता? तुम्हीही या. शनिवारी दहाला. बनियन जुना आणा, नवा चालत नाही.”

ते आले की नाही? आले. पहिल्या शनिवारी त्यांनीही गोलच घासायला सुरुवात केली, आणि काकूंनी त्यांच्याही बोटावर चापट मारली. पुढे त्यांनी त्या चौदा डिस्कच्या पुस्तकांची यादी केली आणि वाचणारी हौशी माणसं पुन्हा गोळा करायला घेतली. यादी करणं त्यांना उत्तम येत होतंच.

ठराव झाला त्या दिवशी घरी आल्यावर काकू खुर्चीत बसल्या आणि खांदा चोळत राहिल्या. सुनेने टेबल पुसून मोकळं केलं आणि ती मधोमध बसून जेवली. समोर यजमानांनी चष्मा काढला होता आणि ते आपलं नेहमीचं कापड काचेवर फिरवत होते. मधून कडेला. हात उचलून पुन्हा मधून कडेला.

“अहो,” काकू म्हणाल्या, “चष्मा गोलच पुसा.”